देवाचं जमत नाही, पण कॅम्पची तारीख लिहून घ्या

"देव मानत नाहीस, मग हे सगळं कशासाठी करतेस गं?" हा प्रश्न मला कराडात इतक्या जणांनी विचारलाय की आता मी उत्तर द्यायचं सोडून "चहा घेणार का" एवढंच विचारते. विचारणारे वाईट नसतात हो. त्यांच्या डोक्यातला हिशोब सरळ असतो, चांगलं काम केलं की पुण्य लागतं, पुण्य लागतं म्हणजे वर कुणीतरी वही घेऊन बसलंय, आणि वहीवालाच नाही म्हणणारी बाई रविवारी सकाळी सकाळी रक्तदानाच्या मांडवात खुर्च्या पुसत काय बसलीय, हे त्यांना काही केल्या बसत नाही. दुसऱ्या बाजूचे पण आहेत. पुण्यातले माझे काही मित्र एकदम कट्टर, त्यांच्या मते मी गणपती मंडळाच्या पोरांबरोबर काम करते म्हणजे मी आतून अर्धी आस्तिकच, फक्त कबूल करत नाही. म्हणजे दोन्हीकडून मार.

मला विचाराल तर 'कशासाठी' हा प्रश्न एवढा अवघड नाहीच. शेजारच्याच्या घरात पाणी शिरलं की माणूस पळतो, तेव्हा कोण तत्त्वज्ञान काढून बसतंय? 2019 च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडं गावोगावहून भाकरी गेल्या, थापणाऱ्या बायकांना कुणी विचारलं नाही की बाई तुझा देवावर विश्वास किती टक्के. अवघड असतं ते 'कधी', 'कुठं' आणि 'फोन कुणाला करायचा'. आणि ही तिन्ही उत्तरं देव मानणाऱ्यांकडं तयार असतात, आयती, शेकडो वर्षांची. आषाढी आहे, रमजान आहे, गणपती-नवरात्र आहे, म्हणजे तारखा ठरलेल्या. देवळाचा हॉल आहे, गुरुद्वाराचं स्वयंपाकघर आहे, मंडळाची भांडी आहेत. पावती पुस्तक आहे, आणि मुख्य म्हणजे एक खजिनदार आहे जो "अहो तुमची वर्गणी राहिलीय" म्हणून तीन वेळा फोन करतो. नास्तिकाकडं काय असतं? मत असतं.

मी हे चिडून नाही म्हणत. मी स्वतः त्यातलीच. पण इतकी वर्षं हे सगळं जवळून बघून माझं एवढं पक्कं झालंय की देवाशिवाय माणूस चांगला राहू शकतो का वगैरे वाद घालण्यात वेळ घालवू नये, राहतो की, राहतातच, खरा घोळ व्यवस्थेचा आहे. आणि ती स्वतः उभी करायला लागते, नाहीतर देव मानणाऱ्यांकडून उसनी घ्यायला लागते, आणि घेताना लाजायचं नाही.

आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते. घरात देव्हारा आईचा. अण्णा त्याच्यापुढं कधी हात जोडून उभे राहिले नाहीत आणि आईला कधी आडवे पण आले नाहीत. 'नास्तिक' हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नाही, कुणी फारच छेडलं तर "माझी ड्यूटी पहाटेची, त्या वेळी देव पण झोपलेला असतोय, उगं कशाला उठवा" असं म्हणून विषय संपवायचे. आता कंडक्टरच्या कामात एक भानगड असते ती सुट्ट्यांची. मशीन यायच्या आधीची एसटी ज्यांनी बघितलीय त्यांना तो तिकिटांचा ट्रे आठवत असेल, रंगीत तिकिटांच्या गड्ड्या, आणि तो पंच, टकटक टकटक. तुम्ही पन्नासची नोट दिली आणि सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागं बाकी लिहून द्यायचा, उतरताना मागून घ्या म्हणायचा. आणि माणसं विसरायची! स्टॉप आला, पिशवी उचलली, पोराला हाताला धरलं, उतरली, बाकी राहिली तिकिटावरच. गाडी पुढं गेल्यावर त्या पैशाला मालक कोण?

अण्णांकडं एक छोटी डायरी असायची, खिशात मावेल अशी. तिच्यात लिहिलेलं असायचं, तांबव्याची म्हातारी 8 रु., कॉलेजचा पोरगा निळी सायकल 3 रु., असं. रोजचा रूट असला की दुसऱ्या दिवशी नाहीतर त्या आठवड्यात माणूस सापडायचाच. जे सापडायचे नाहीत त्यांचे पैसे डेपोत जास्तीचे म्हणून भरून टाकायचे, आणि तिथं बाकीचे त्यांची खेचायचे, "काय अण्णा, तुमच्यात तर बघणारा पण कोण नाही, मग कुणाला भिताय?" अण्णा म्हणायचे, "म्हातारी बघतीय की."

बास. माझं सगळं नीतिशास्त्र एवढंच आहे बघा, त्याच्यावर मी पुस्तकं वाचली नंतर, पण त्यात या वाक्याच्या पुढं फार काही सापडलं नाही. देवाची भीती नसली तर माणूस काहीपण करेल असं जे म्हणतात त्यांना मला एकच विचारावंसं वाटतं, म्हणजे तुम्ही फक्त भीतीमुळं थांबलाय होय? मग तुमच्याशी जरा जपूनच राहायला पाहिजे. (हे मी एकदा आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलले, त्यानंतर वातावरण थोडं गार झालं.)

आणि ही काय बाहेरून आलेली फॅशन नाही. कराडातून टेंभूला जायला किती वेळ लागतो? समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर तिथले, 1856 चा जन्म. घरची एवढी गरिबी की शिक्षणासाठी मिळेल ते काम केलेलं, आणि एम.ए. होत आले तेव्हा आईला पत्र लिहून कळवलं की मुलगा शिकला आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल अशी आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून मी बाकीचा वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार. त्या आईचं काय झालं असेल ते वाचून, मला नेहमी वाटतं. न्यू इंग्लिश स्कूल, फर्ग्युसन, 'सुधारक' हे पत्र, दम्यानं पोखरलेली छाती, आणि पुण्यातल्या लोकांनी जिवंतपणी काढलेली प्रेतयात्रा, सगळं 39 पण पुरी न झालेल्या आयुष्यात. त्यांना स्वर्गाची आशा नव्हती. तिकडं र. धों. कर्वे, 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या कामापायी कॉलेजातली प्रोफेसरची नोकरी गेली, तरी 1927 पासून ते 1953 साली मरेपर्यंत पदराला खार लावून मासिक चालवलं. कोर्टात खेचलं, दंड झाला, चालवलंच. बायकांच्या बाळंतपणाची जी हालत होती ती बघून या माणसाला जे वाटलं ते धर्म सांगणाऱ्या किती जणांना वाटलं होतं?

आता एक आडवळण, माफ करा. 2011 च्या जनगणनेत देशात साधारण 29 लाख लोकांच्या धर्माच्या रकान्यात काही नोंदलेलंच नव्हतं. ते सगळे नास्तिक आहेत असं अजिबात नाही, काहींना सांगायचं नसेल, काहींना कुणी विचारलंच नसेल. 2014 साली मुंबई हायकोर्टानं सांगितलं की मला कुठलाही धर्म नाही असं म्हणायचा माणसाला हक्क आहे आणि सरकार धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही. गंमत म्हणजे ज्यांनी ती याचिका केली ते नास्तिक नव्हतेच, येशूला मानणारे होते, पण कुठल्या धर्माचं लेबल नको होतं. मला ते फार आवडलं. पुढच्या जनगणनेला घरी माणूस आला की मी काय सांगायचं ते ठरलेलं आहे, आई काय सांगणार ते पण ठरलेलं आहे, एकाच घरात दोन उत्तरं, त्या बिचाऱ्या शिक्षकाचं काय होईल ते बघू.

तर प्रीतिसंगमावरचं सांगते. कृष्णा-कोयनेचा संगम, अनंत चतुर्दशी, दुपारपासून घाटावर पाय ठेवायला जागा नसते. आम्ही निर्माल्य गोळा करायला उभे असतो, एका बाजूला मोठे ड्रम, आणि ओरडून ओरडून घसा बसतो, "निर्माल्य इकडं, पाण्यात नको, निर्माल्य इकडं द्या!" मूर्तीसाठी कुंड केलेलं असतं, ज्यांना द्यायची ते तिथं देतात. अंनिसवाल्यांनी, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या माणसांनी, मूर्तिदान आणि निर्माल्यदान सुरू केलं तेव्हा घाटाघाटावर काय काय ऐकून घेतलंय ते जुन्या कार्यकर्त्यांना विचारा, आता नगरपालिकाच माईकवरून सांगते. एवढं सोपं झालंय ते कुणाच्या तरी शिव्या खाण्यामुळं.

निर्माल्य म्हणजे तुम्हाला वाटेल फुलं आणि दुर्वा. हात घालून बघा मग. हाराची तार, नायलॉनचा दोरा, चमकीची झालर, अगरबत्तीची पुठ्ठ्याची खोकी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून तशीच दिलेली केवड्याची पानं, आंबलेलं पंचामृत, अख्खे नारळ, कधीकधी मोदक. आधी पिशवी फोडायची, वास डोक्यात जातो, मग तार-दोरा वेगळा, कापड वेगळं, नारळ वेगळे, आणि उरलेलं खताच्या खड्ड्यात. तार राहिली तर खत चाळणारा शिव्या घालतो, आणि बरोबर घालतो. एका वर्षी एक काका पिशवी हातात धरून थांबले, देईनात. म्हणाले, "तुम्ही गणपती मानत नाही असं ऐकलंय. मग आमच्या गणपतीची फुलं तुम्हाला कशाला?" मी म्हणलं, "काका, आमच्या नळाला पण कृष्णेचंच पाणी येतंय." त्यांनी पिशवी दिली. वर म्हणाले, पण नीट ठेवा हं, पायदळी नको. आणि आम्ही नाही तुडवत, कधीच नाही, कारण ते त्यांचं मन आहे आणि ते तुडवायला मी तिथं उभी नाही.

पुण्यातल्या एका मित्राला हा किस्सा सांगितला तर म्हणे तू त्यांच्या अंधश्रद्धेला खतपाणी घातलंस. अरे बाबा, मी खरोखरचं खत केलं! हा मित्र सज्जन आहे, कुणाचं एक रुपया बुडवणार नाही, पण ग्रुपवर रात्री दीड वाजता देवाच्या अस्तित्वावर चाळीस मेसेज टाकणार आणि रविवारी कॅम्पला ये म्हणलं की "या रविवारी जरा टाइट आहे". असे पुष्कळ आहेत. आमच्यात एक रोगच आहे हा, आपलं बरोबर आहे हे कळलं की काम झालंच असं वाटायला लागतं. अंनिस उभी करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यापासून इतक्या जवळ राहून तरी हे कळायला पाहिजे. त्यांचं म्हणणं कायम हेच होतं की समितीचा विरोध देव-धर्माला नाही, त्याच्या नावानं लुबाडणाऱ्याला आहे. साताऱ्यात व्यसनमुक्तीचं केंद्र काढलं. श्रीराम लागू तर उघड उघड देवाला रिटायर करा म्हणणारे, पण ते, निळू फुले आणि बाकीचे मोठमोठे नट एका जुन्या नाटकाचे प्रयोग घेऊन गावोगाव फिरले आणि सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला, का, तर पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना महिन्याला थोडे तरी पैसे मिळावेत. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सभा घेऊन टाळ्या मिळवणं सोपं, पण कार्यकर्त्याच्या घरी गॅस संपलाय त्याचं काय, एवढा खालचा विचार कुणीतरी केला. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी फिरायला गेलेल्या दाभोलकरांना पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या, पुढच्या काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, ज्याच्यासाठी त्यांनी अठरा-वीस वर्षं खेटे घातले होते. त्यावर मला आता जास्त बोलवत नाही.

रक्ताचं बोलू. यात तारखेचं महत्त्व सगळ्यात जास्त कळतं. काढलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी पिशवीत 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. म्हणजे रक्त साठवून ठेवायची गोष्टच नाही, सतत येत राहायला पाहिजे. आणि आपल्याकडं कॅम्प कधी होतात? जयंत्या, गणपती, आणि साहेबांचा वाढदिवस. एका दिवसात रांगा, सेल्फी, हेल्मेट नाहीतर बॅग फ्री, एकावर एक पिशव्या. आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, पोरं गावाला, लग्नसराई, ऊन, कुणी फिरकत नाही. दिवाळीच्या सुट्टीत तेच. थॅलेसेमियाच्या लेकरांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांना काय मे महिन्याची सुट्टी असते? बाळंतपणं थांबतात?

मग आम्ही ठरवलं, जिथं कुणाचाच देव नाही आणि कुणाचाच साहेब नाही असे आठवडे आपले. मेचा पहिला रविवार, आणि दिवाळी झाल्यावरचा. श्रद्धावानांनी सोडलेल्या तारखा नास्तिकांनी उचलायच्या, असं आमचं धोरण. खजिनदार पण नेमला, सेम मंडळासारखा, तीन वेळा फोन करणारा. त्याच्याकडं यादी आहे, नाव, रक्तगट, शेवटचं कधी दिलं. पुरुषांना तीन महिन्यांनी देता येतं, बायकांना चार. बायकांच्या बाबतीत सांगायचं म्हणजे येतात हौसेनं, आणि तिथं बोटाला टोचून बघितलं की हिमोग्लोबिन साडेबारा भरत नाही, परत पाठवायला लागतं. बरं ही काय एखादी दुसरी बाई नाही. घरात सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलं तर खाणाऱ्या बायका या, भरणार कुठून? मग आता परत पाठवताना आम्ही नाव लिहून घेतो आणि सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळतात तिथपर्यंत कुणीतरी बरोबर जातं. रक्त द्यायला आलेल्या बाईलाच रक्त कमी आहे हे कळणं, मला वाटतं आमच्या कॅम्पचं निम्मं काम हेच आहे.

गोरांचं नाव आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नसतं. गोपराजु रामचंद्र राव, आंध्रातले, वनस्पतिशास्त्र शिकवायचे, नास्तिक म्हणून नोकऱ्या घालवल्या, आणि 1940 मध्ये बायको सरस्वतीसोबत मुदुनूर नावाच्या खेड्यात नास्तिक केंद्र काढलं, ते पुढं विजयवाड्याला आलं. काम काय, तर अस्पृश्यता मोडायची, सहभोजनं, प्रौढांना शिकवायचं. हा माणूस गांधींना भेटायला आपल्या वर्ध्याला सेवाग्रामला आला होता. गांधी म्हणजे रोज प्रार्थना करणारे, आणि समोर हा. पण गांधी त्यांना म्हणाले की माझी आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक असं मी म्हणू शकत नाही. गोरांच्या मुलीचं एका दलित मुलाशी लग्न ठरलं ते सेवाग्रामला लावायचं गांधींनी कबूल केलं, आणि गोरांसाठी म्हणून विधीत देवाच्या जागी सत्य म्हणायला पण तयार झाले. गांधी त्याच्या आधी गेले, लग्न मात्र 1948 मध्ये सेवाग्रामलाच झालं. मला यात भारी काय वाटतं तर दोघांनी एकमेकांना पटवायचं काम बाजूला ठेवलं, कारण समोर जातीचं काम पडलेलं होतं आणि ते दोघांना दिसत होतं.

आता अण्णांचं. अण्णांनी देहदानाचा फॉर्म भरला होता, साक्षीदार म्हणून आईची सही. सही करताना ती काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी देवळात जाऊन आली. बऱ्याच जणांना वाटतं फॉर्म भरला की झालं, पण तसं नसतं, माणूस गेल्यावर घरचे हो म्हणाले तरच पुढं काही होतं. घरच्यांशी बोलला नसाल तर त्या कागदाला अर्थ नाही. अपघाती मृत्यू असला, पोस्टमॉर्टेम झालं असलं, कावीळ-एचआयव्हीसारखा काही संसर्ग असला, मोठ्या जखमा असल्या तर कॉलेज घेत नाही, हे पण आधी माहीत असलेलं बरं.

अण्णा मे महिन्यात गेले, पहाटे, घरात. मी पहिलं काय केलं असेल तर पंखा बंद केला. नेत्रदान करायचं तर पंखा बंद करायचा, नाहीतर बुबुळं कोरडी पडतात. पापण्या मिटायच्या, त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, आणि सहा तासांच्या आत डोळे काढायला पाहिजेत. आई शेजारी बसलेली. म्हणाली, "अगं पंखा का बंद केलास, उकडंल की त्यांना." मला काय बोलावं सुचेना. मग म्हणलं, डोळ्यांसाठी. तर ती उठली आणि वाटीत पाणी घेऊन आली, कापूस वाळला की बदलत बसली, नेत्रपेढीची माणसं येईपर्यंत. त्यांचं काम वीस मिनिटांत झालं, चेहऱ्यावर काही कळत पण नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, शुगर होती, तरी नेत्रदान चाललं.

तेवढ्यात आत्या आली. तिनं बघितलं आणि जो सूर लावला, "आगीशिवाय माझ्या दादाला मुक्ती नाही गं, काय करताय हे." आत्याशी वाद घालायची ती वेळ नव्हती. आईनं गंगाजल आणि तुळशीचं पान अण्णांच्या तोंडात घातलं, आत्याला पण घालू दिलं. मी काही बोलले नाही. अण्णा असते तर ते पण बोलले नसते. फॅमिली डॉक्टरांनी सर्टिफिकेट लिहिलं, आधार कार्डं, फॉर्मची कॉपी घेतली, मेडिकल कॉलेजच्या ॲनाटॉमी विभागाला फोन केला, आणि ॲम्ब्युलन्सनं आम्ही निघालो.

आणि फोन सुरू झाले. "माती कधी आहे?" आमच्याकडं असंच विचारतात. डेपोतले जुने ड्रायव्हर-कंडक्टर, तांबव्याची माणसं, आईच्या माहेरचे. आणि मला उत्तर नव्हतं! माती नाही, अग्नी नाही, मग तिसऱ्या दिवशीचं रक्षाविसर्जन नाही. लोकांना यायचं होतं, कुठं आणि किती वाजता ते सांगायला माझ्याकडं काहीच नव्हतं. इतकी वर्षं मी कर्मकांड कर्मकांड म्हणत होते त्यात भटजीची दक्षिणा, पिंड, कावळा हे सगळं जरी वजा केलं तरी एक गोष्ट उरत होती, की माणसांना कळतं कधी जमायचंय. शेवटी मावसभावानं परस्परच सगळ्यांना कळवून टाकलं, तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता घरी या. आले, अंगणात मावेनात. कुणी काही विधी करत नव्हतं म्हणून सुरुवातीला नुसते अवघडून बसले, कुणाला काय बोलावं कळेना, मग एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं त्या डायरीची गोष्ट काढली आणि मग दोन तास थांबेनात. आत्या शेवटपर्यंत रुसलेलीच होती, आजही विषय निघाला की तोंड फिरवते, आणि मला तिचं चुकतंय असं पण म्हणवत नाही, तिचा भाऊ होता.

दुसरी गोष्ट. त्यानंतर महिनाभर आईच्या भजनी मंडळाच्या बायका रोज संध्याकाळी घरी यायच्या. न बोलावता. एकजण भाजी आणायची, एकजण तिच्या बीपीच्या गोळ्या तपासायची, मग दोन अभंग, मग घरी. माझ्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि हात जोडलेले इमोजी आले, आणि दोन-तीन जवळची माणसं आली, ती आलीच. पण रोज संध्याकाळी? आठवड्याभरानं सगळे आपापल्या कामाला. यात कुणाची चूक नाही, आमच्याकडं 'रोज संध्याकाळी' असं काही नव्हतंच ना. ते बघून आम्ही आता एक केलंय, ग्रुपमधल्या कुणाच्या घरी मयत झालं किंवा मोठं आजारपण आलं तर महिनाभराची पाळी लावतो, कुठल्या दिवशी कोण जाणार, शीटवर नावं. अभंग नसतात, आमच्यातल्या बहुतेकांना गाता येत नाही. गॅस लावून देणं, बँकेचं नॉमिनीचं काम, मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स, असली कामं.

आणि भजनी मंडळाचं काय झालं तर त्या सगळ्या बायका आता मेच्या कॅम्पला नाष्ट्याचं बघतात. पोहे नाही, उपीट, कारण पोहे गार झाले की दगड होतात हा त्यांचा निकाल. त्यांच्यातल्या दोघींनी देहदानाचे फॉर्म नेलेत, एकीनं भरला, एकीचा मुलगा नको म्हणतोय. भरला तिनं मला सांगितलं की दधीची ऋषींनी हाडं दिली होती मग मी का नको. मी म्हणलं द्या की, काय हरकत नाही, फॉर्मवर कारणाचा रकानाच नाही.

फक्त एक लोचा होतो. मेचा पहिला रविवार कधीकधी एकादशीला येतो, आणि उपाशीपोटी रक्त घेत नाहीत, चक्कर येते. आमच्या यादीतले निम्मे लोक एकादशी धरणारे. एका वर्षी ऐन वेळी सगळं लक्षात आलं आणि खजिनदारानं डोक्याला हात लावला. त्यामुळं आता वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडर घेऊन एकादशी, चतुर्थी, रोजे सगळं बघून तारखा काढाव्या लागतात, आणि ते काम आमच्या घरात मीच करते, आई नुसती चष्मा लावून चुका काढते.

यंदाची तारीख गुरुवारपर्यंत टाकते. येताना पोटभर खाऊन या, रात्री जागरण नको, आणि बायकांनो हिमोग्लोबिन आधी तपासून घ्या.